हिरोशिमा १९९४: लिएंडरच्या शेजारी कोण उभं होतं?

तळ्याकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. स्वतःची चूक कबूल करायला धागा काढतोय, तेव्हा चार शिव्या सुरुवातीलाच घालून मोकळे व्हा.

२९ ऑगस्टला, क्रीडा दिनाला, आमच्या मये गावच्या (डिचोली तालुका, गोवा) वाचनालयाने शाळकरी मुलांसाठी प्रश्नमंजुषा ठेवली होती. दोघादोघांच्या अकरा जोड्या. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर, त्यात पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागत होता. मुलांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि पाटी वर धरायची. पहिलं बक्षीस बॅडमिंटनच्या दोन रॅकेट, दुसरं स्टीलच्या दोन बाटल्या. प्रश्न मी काढलेले, उत्तरं मी लिहिलेली, गुणही मीच दिले. म्हणजे खापर फोडायला दुसरं डोकं शोधायची सोय नाही.

शेवटून दुसरा प्रश्न होता: १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिएंडर पेसबरोबर टेनिसच्या पुरुष दुहेरीचं सुवर्ण कुणी जिंकलं?

नऊ पाट्यांवर 'भूपती'. एक पाटी कोरी. एका पाटीवर 'नाटेकर'. सगळे हसले, मीही हसलो. कारण माझ्या कागदावर भूपतीच होता! नाटेकर लिहिणारी आठवीतली मुलगी खाली बघत बसली आणि तिच्या जोडीदाराने पाटी तिच्या हातातून काढून घेऊन फडक्याने पुसली. तोवर ती दोघं पहिल्या नंबरावर होती. त्या एका प्रश्नाने बाटल्यांवर आली.

नंतर चहा-भजी चालली असताना एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. पणजीच्या एका क्लबात त्यांचा जन्म मार्कर म्हणून गेला. (मार्कर म्हणजे सभासदांना खेळायला कुणी नसेल तर समोर उभा राहणारा पगारी माणूस. सभासदांपेक्षा शंभरपट चांगला खेळणारा, आणि त्यांना हळूच जिंकू देणारा.) भजं संपवून, हात पुसून ते म्हणाले, "भाई, त्या चेडवाचें बरोबर आशिल्लें मरे." (त्या मुलीचं बरोबर होतं रे.)

घरी येऊन शोधलं. बरोबरच होतं. हिरोशिमात लिएंडरबरोबर गौरव नाटेकर होता. भूपती त्या वर्षी अमेरिकेत कॉलेजात शिकत होता, व्यावसायिक टेनिसमध्ये आला १९९५ साली. माझा घोळ कुठे झाला तेही कळलं. लिएंडर-भूपती या जोडीने एशियाडची दुहेरी सुवर्णं जिंकली, पण ती २००२ ला बुसानमध्ये आणि २००६ ला दोहात. माझ्या डोक्यात सगळं एकाच फडताळात जाऊन बसलं होतं.

आता माझे दोन प्रश्न. त्या मुलांची भरपाई कशी करू? आणि या नाटेकरबद्दल कुणाला काय आठवतं?

सांतिनेजचा नाना

पहिली शिवी माझी. परीक्षकाने उत्तर तपासून घेऊ नये?

आता आठवणीचं. गौरव म्हणजे नंदू नाटेकरांचा मुलगा. नंदू नाटेकर मूळ सांगलीचे. बॅडमिंटनमधले आपले पहिले मोठे नाव. १९५६ ला क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकली, परदेशात जाऊन विजेतेपद आणणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत होते. २०२१ च्या जुलैत पुण्यात गेले.

पण गंमत पुढे आहे. नंदूंचं पहिलं प्रेम टेनिस. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि समोर निघाले रामनाथन कृष्णन! तेच, जे पुढे १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विंबल्डनची उपांत्य फेरी खेळले. नंदू हरले आणि टेनिस सोडून बॅडमिंटनकडे वळले. बापाने जिथे रॅकेट खाली ठेवली तिथूनच पोराने उचलली म्हणा ना. १९९६ ला गौरवलाही अर्जुन मिळाला. एकाच घरात दोन अर्जुन, दोन वेगळ्या खेळांतले.

फटकळ फोंडेकर

राग मानू नका, पण धाग्याचं प्रयोजन समजलं नाही. एशियाडमधलं टेनिस म्हणजे कितीसं मोठं? त्यातून दुहेरी. त्यातून शेजारी लिएंडर. माझ्या आत्याला उभी केली असती तरी पदक आलं असतं.

तळ्याकाठचा

फोंडेकर, तुमच्या आत्याबाईंना दंडवत. पण हे बघा. हिरोशिमात भारताला सगळी मिळून चार सुवर्णं मिळाली. एक कबड्डीचं, एक जसपाल राणाचं नेमबाजीतलं, आणि दोन टेनिसची: पुरुष सांघिक आणि पुरुष दुहेरी. एवढा मोठा देश, एवढं मोठं पथक, आणि निम्मी सुवर्णं टेनिसवाल्यांनी आणली. त्या दोन्ही पदकांवर गौरव नाटेकरचं नाव आहे. शेजारी लिएंडर असला की झालं, हे म्हणणंही टिकत नाही, कारण त्याच स्पर्धेत एकेरीत लिएंडरला कांस्यावर समाधान मानावं लागलं. सुवर्ण चीनच्या पान बिंगने नेलं.

क्वालिफाइंगला_बाद

वाचनमात्र असतो, पण "आत्याला उभी केली असती" वाचून राहवलं नाही.

दुहेरीत एक कच्चा असला तर समोरचे दोघे काय करतात ठाऊक आहे? पक्क्याला चेंडू देतच नाहीत. सगळी सर्व्हिस कच्च्याच्या अंगावर, सगळे लॉब (उंच उडवलेले चेंडू) कच्च्याच्या डोक्यावर. पक्का नेटवर उभा राहून बघत बसतो. लिएंडरचा हात नेटवर कसा चालायचा ते सगळ्या जगाला माहीत होतं. मग आठवडाभर समोरच्यांनी कुणाला लक्ष्य केलं असेल? तुम्हीच सांगा. आणि तरीही पदक सोन्याचं आलं.

आता माझ्याबद्दल. मी म्हापशाचा. २००३ ते २००६ अशी तीन वर्षं देशभर फ्युचर्स स्पर्धा (व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी) खेळत फिरलो. खेळत म्हणजे काय, बहुतेक वेळा मुख्य फेरीच्या दारातून परत. म्हणून हे सदस्यनाम.

लोकांना वाटतं व्यावसायिक टेनिसपटू म्हणजे विमान, हॉटेल, जाहिराती. खालच्या पायरीवरचा हिशेब सांगतो. दहा हजार डॉलरची स्पर्धा म्हणजे ते दहा हजार एकट्याला मिळत नाहीत, सगळ्या ड्रॉमध्ये वाटले जातात. विजेत्याला तेराशे डॉलर. मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरलात तर सव्वाशेही नाहीत, आणि त्यातून कर कापून. क्वालिफाइंगमध्ये (मुख्य फेरीत शिरायच्या पात्रता सामन्यांत) हरलात तर शून्य. गाडीभाडं, राहणं, खाणं, गटिंग (रॅकेटच्या तारा, म्हणजे गट, नव्याने ओवून घेणं) सगळं आपलं. माझ्याकडे तीन रॅकेट होत्या, त्यातली एक कायम गटिंगला टाकलेली. गट तुटल्याचा तो 'टंक' आवाज आला की मॅचपेक्षा आधी पाकीट आठवायचं.

थिवीहून रात्रीची गाडी पकडायची. आई चपात्या आणि सुंगटांची किसमूर (सुक्या कोलंबीची, डबाभर वास सुटणारी कोशिंबीर) बांधून द्यायची. स्टेशन सुटेपर्यंत डब्यात माझ्या बाजूचं बाकडं रिकामं. पुढे ज्याच्याबरोबर खोली वाटून घ्यायचो तो दिल्लीचा पोरगा शुद्ध शाकाहारी, त्याने पहिल्या दिवशी खिडकी उघडली ती आठवडाभर लावली नाही.

आणि साइन-इन! क्वालिफाइंगच्या आदल्या संध्याकाळी सहाच्या आत रेफरीच्या टेबलावर स्वतः जाऊन सही करावी लागायची. एकदा मी रिक्षावाल्याला मैदानाचं नाव अर्धवट सांगितलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलो. परत येईपर्यंत सहा वाजून बारा मिनिटं. रेफरी कागद आवरत होता. त्याने घड्याळ दाखवलं, मी बॅग उचलली. जाऊन-येऊन सत्तावीस तासांचा प्रवास आणि एक सर्व्हिससुद्धा केली नाही. घरी सांगितलं की पहिल्या सामन्यात हरलो. ते बरं वाटलं सांगायला.

नाटेकरच्या काळी तर फ्युचर्सही नव्हत्या, त्या १९९८ पासून आल्या. तेव्हा सॅटेलाइट. चार आठवड्यांचं एकच सर्किट, तीन आठवडे तीन स्पर्धा आणि चौथ्या आठवड्यात निवडक खेळाडूंची मास्टर्स. रँकिंगचे गुण चारही आठवड्यांची बेरीज करून शेवटी. तिसऱ्या आठवड्यात पाय मुरगळला की आधीची मेहनत पाण्यात. महिनाभर तीच तोंडं, तीच बस, ज्याच्याकडून सोमवारी हरलो त्याच्याच ताटाशेजारी ताट. भारतातून येणाऱ्या पोराला १९९० च्या आसपास जगाच्या यादीत वर चढायचं तर हाच जिना होता, आणि आपल्याकडे एटीपीची (पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेची) मोठी स्पर्धा आली तीच मुळी १९९६ ला, दिल्लीत. मग चेन्नईला गेली, २०१८ ला पुण्यात. म्हणजे नाटेकरच्या ऐन उमेदीच्या वर्षांत घरच्या मैदानावर मोठ्या खेळाडूंशी दोन हात करायची संधीच नव्हती. त्यात तो सात वेळा राष्ट्रीय विजेता झाला, डेव्हिस करंडक खेळला. याला मी यशस्वी कारकीर्द म्हणतो. आत्याबाईंचं माहीत नाही.

सांतिनेजचा नाना

जबरदस्त प्रतिसाद. किसमुरीसाठी वेगळा +१.

पिसुर्ल्याचा ट्रक

टेनिसमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण कोर्टातलं कळतं.

आमच्याकडे खाणीवरच्या साहेबांसाठी एक कोर्ट होता. आमचे बाबा तो सांभाळायचे. आमची माती नुसतीच वापरली तर चालत नाही, खडा राहतो. ती चाळायची, मग अंगण सारवतात तसं वरून पातळ शेण-माती ओढायची, आणि दगडी रूळ फिरवायचा. रुळाला दोन माणसं लागायची, मी आणि थोरला भाऊ. चार महिने पावसाचे कोर्ट बंद. दसऱ्याच्या आसपास पुन्हा पहिल्यापासून सगळं. चुन्याच्या रेघा मारायचं एक चाकाचं डबडं होतं, ते सरळ चालवायला बाबा श्वास धरून चालायचे. मध्ये कुणी हाक मारली तरी ओ देत नसत.

साहेबांची मुलं पांढऱ्या बुटांनी यायची. आम्ही चेंडू आणून द्यायचो. लव गेलेला जुना चेंडू बक्षीस मिळायचा, त्याने आम्ही शेतात क्रिकेट खेळायचो.

२०१२ ला खाणी बंद झाल्या, साहेब गेले. मागच्या महिन्यात पाहिलं, कोर्टावर रानमोडी माजलीय, नेटचे दोन खांब तेवढे आहेत. एकाला कुणीतरी म्हैस बांधली होती.

तर सांगायचं म्हणजे, डिचोली-सत्तरीत कुणा पोरामध्ये नाटेकर असलाच तर तो खेळणार कुठे? आमचा दोष एवढाच की आम्ही चुकीच्या बाजूने कोर्टावर होतो.

क्वालिफाइंगला_बाद

दादा, ते चुन्याचं डबडं वाचून अंगावर काटा आला. रेघेला चेंडू लागला की भुकटी उडायची, पंचाची गरजच नसायची.

मडगावची पुणेकरीण

माहेर पुणे, त्यामुळे थोडी आगाऊ भर.

जोडीतल्या दुसऱ्याबद्दलच बोलायचं तर नितीन कीर्तनेला विसरू नका. पुण्याचा. १९९२ ला विंबल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम सामना खेळला, जोडीदार महेश भूपती. समोर स्टीव्हन बाल्डास आणि स्कॉट ड्रेपर हे ऑस्ट्रेलियन. पहिला सेट १-६ गेला, दुसरा ६-४ असा ओढून आणला, तिसरा ७-९ ने गेला. ड्रेपर पुढे १९९८ ला लंडनची क्वीन्स क्लब स्पर्धा जिंकला. भूपतीने १९९७ ला फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी रिका हिराकीबरोबर जिंकली आणि ग्रँड स्लॅम विजेता पहिला भारतीय झाला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या पाच वर्षं आधी विंबल्डनच्या हिरवळीवर त्याच्या शेजारी एक पुणेरी मुलगा होता, हे आमच्या सोसायटीतसुद्धा फार जणांना माहीत नाही.

म्हणजे बघा, नाटेकर लिएंडरच्या शेजारी आणि कीर्तने भूपतीच्या शेजारी. मग ते दोघे एकमेकांना सापडले आणि आपले दोघे प्रश्नमंजुषेत अडकले.

फटकळ फोंडेकर

पुण्याचा विषय निघाला, धागा शंभरी गाठणार.

असो. चार सुवर्णांपैकी दोन, हे मला माहीत नव्हतं. तेवढं मागे घेतो. आत्याचंही मागे घेतो, ती हा धागा वाचतेय असं कळलंय.

पण एक मुद्दा सोडणार नाही. आपण मराठी माणसं "आपला होता" म्हणून दहा-वीस वर्षांनी गहिवरतो. तो खेळत असताना किती जण बघायला गेले? क्रिकेटचा साधा रणजी सामना असला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात धावफलक. टेनिसच्या राष्ट्रीय विजेत्याला कोपऱ्यात चार ओळी. तेव्हा त्या नऊ पाट्यांचा दोष मुलांचा नाही, मयेच्या भाईंचाही नाही. हे मी बोलतोय, नोंद घ्यावी.

तळ्याकाठचा

नोंद घेतली, तारखेसह. पण माझा दोष आहेच. शोधायला मला त्या रात्री दोन मिनिटं लागली, ती आदल्या रात्रीही लागली असती.

आजीची_पोथी

थोडं अवांतर, चालवून घ्या.

विस्मृतीचाच विषय आहे तर आणखी मागे जाऊ. लीला राव. १९३४ साली विंबल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. ग्लॅडिस साउथवेल या इंग्लिश खेळाडूविरुद्ध पहिला सेट गमावून जिंकली. पुढे भारतीय नृत्यावर लिहिलं. आई क्षमाबाई राव, संस्कृतातल्या नावाजलेल्या लेखिका, आणि त्याही टेनिस खेळायच्या. आणि क्षमाबाईंचे वडील? शंकर पांडुरंग पंडित, ज्यांनी विष्णु परशुरामशास्त्री पंडितांबरोबर तुकारामांच्या गाथेची इंदुप्रकाश आवृत्ती सिद्ध केली!

आमच्या आजीकडे गाथा होती, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. त्या गाथेच्या संपादकाची नात विंबल्डनच्या गवतावर बॅकहँड मारत होती, हे आजीला सांगितलं असतं तर तिने मला औषध दिलं असतं.

त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणाऱ्या भारतीय मुलीचं नाव गाजलं ते थेट १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, निरुपमा वैद्यनाथन. मधली वर्षं मोजा. अवांतर समाप्त.

सांतिनेजचा नाना

या अवांतरावर वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

भाई, त्या मुलांच्या भरपाईचं काय ठरवलंत? रॅकेट परत मागणार काय पहिल्या जोडीकडून? चवथीच्या दिवसांत भांडण लावाल गावात.

मडगावची पुणेकरीण

परत मागू नका हो. तीसुद्धा मुलंच. नवीन जोडी घ्या, खिशाला खार लावून. आणि चूक सगळ्यांसमोर सांगा, नुसतं घरी जाऊन गुपचूप देऊ नका. हशा सगळ्यांसमोर झाला होता ना?

क्वालिफाइंगला_बाद

सहमत. रॅकेटचे अर्धे पैसे माझ्याकडून. टेनिसने मला दिलेल्या एकूण कमाईतून म्हणा, तेवढे अजून शिल्लक असतील.

तळ्याकाठचा

मंडळी, वृत्तांत.

दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाच्या आरतीला गाव जमला तेव्हा माइक घेतला. म्हटलं, त्या दिवशी एक उत्तर मी चुकीचं दिलं, बरोबर उत्तर एकाच जोडीने दिलं होतं. हिरोशिमा, चार सुवर्णं, नंदू नाटेकर, कृष्णनकडून झालेली हार, सगळं सांगितलं. मार्कर आजोबा पहिल्या रांगेत होते, मध्येमध्ये मान हलवत होते. 'बाद' साहेबांचे पैसे पोचले होते, त्यांचे आभार इथेच मानतो. नव्या दोन रॅकेट दोघांच्या हातात दिल्या. मुलाने लगेच गटावर बोट वाजवून पाहिलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता म्हणे, आता रॅकेट बदलून घ्यायची का यावर तिच्याशी वाद घालत होता. निळी त्याला हवी होती.

नंतर माटोळीतलं (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीतलं) तोरिंग (पपनस) खाली पडलं ते मुलं परत बांधत होती, तिथे मी तिला गाठलं. विचारलं, बाय, नऊ जणांनी भूपती लिहिलं, तुझा जोडीदारसुद्धा भूपतीच म्हणत होता, तुला नाटेकर कसा गं माहीत?

ती आधी काही बोलेना. मग रॅकेट पाठीमागे धरून म्हणाली, "काका, परत घेणार नाही ना?"

नाही म्हटलं.

"सामान्यज्ञानाच्या पुस्तकात अर्जुन पुरस्काराच्या यादीत नाटेकर आहे. पहिलाच. रॅकेटचा खेळ लिहिलेला आठवत होता. मला वाटलं तोच."